तीन वर्षांचं पोरगं पाळणाघरात एकटंच खेळतंय, काळजी करायची का?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला, बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुम्ही कुपवाड एमआयडीसीत नोकरीला आहात, मुलगा तीन वर्षं दोन महिन्यांचा, दिवाळीनंतर त्याला विश्रामबागच्या एका पाळणाघरात ठेवलंय. तिथल्या ताई म्हणतात की तो जेवतो, झोपतो, सगळं करतो पण पोरांत मिसळत नाही, आपला आपला कोपऱ्यात बसून गाड्यांची रांग लावतो, कुणी गाडी उचलली की हिसकावतो आणि मागच्या महिन्यात एकाच्या दंडाला चावला. सकाळी सोडताना रडतो, संध्याकाळी तुम्हाला दारात बघितलं की परत रडतो. सासूबाईंचं म्हणणं की घरात आजी असताना पोरगं बाहेर कशाला ठेवायचं. आणि जावेची मुलगी ज्या नर्सरीत जाते तिथं तीन वर्षांची पोरं एबीसीडी लिहायला लागलीत, इथं मात्र दिवसभर नुसतं खेळतात, मग जूनपासून तिकडं घालू का असं तुम्ही विचारलंय.

मी सांगलीत वीसेक वर्षं बालवाडी आणि पाळणाघर चालवतेय, या वयाची पोरं हेच माझं रोजचं काम, त्यामुळं उत्तर जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी सरळ सांगते, तुम्ही जे लिहिलंय त्यात मला घाबरण्यासारखं काही दिसत नाही. काही गोष्टी तपासून बघायला लागतील, त्या पुढं लिहिते, पण तीन वर्षांचं मूल दुसऱ्या मुलाच्या शेजारी बसून स्वतःचंच खेळतंय हे अगदी वयाला धरून आहे. मिल्ड्रेड पार्टेन नावाच्या बाईंनी १९३२ मध्ये यावर अभ्यास मांडला होता, बालवाडीतल्या पोरांचं नुसतं निरीक्षण करून त्यांनी खेळाचे प्रकार सांगितले. कुणी नुसतं बघत बसतं, कुणी एकटं खेळतं, कुणी दुसऱ्याच्या बाजूला बसून तशाच वस्तूंनी पण आपलंच खेळतं, मग थोडी देवाणघेवाण सुरू होते आणि सगळ्यात शेवटी 'तू डॉक्टर मी पेशंट' असं ठरवून मिळून खेळणं येतं. हे शेवटचं साधारण चार वर्षांच्या आसपास जोर धरतं, आणि तोपर्यंत पोरं या सगळ्या प्रकारांत पुढं-मागं फिरत असतात, सकाळी एकटं खेळणारं पोरगं दुपारी कुणाच्या तरी मागं लागलेलं असतं. तुमचा मुलगा पाळणाघरात जाऊन तीन-चारच महिने झालेत, नवीन जागेत पोरं सुरुवातीला एकटी खेळतात, बघत राहतात, आणि हे बघत राहणं म्हणजे रिकामं बसणं नव्हे. कोण रडतं, कोण ओढतं, कुठल्या ताई मऊ आहेत, डबा कधी उघडतो, सगळं तो टिपतोय.

यावर एक उदाहरण सांगते कारण नुसतं सांगून पटत नाही. आमच्याकडं अंगणात एक मोठं घमेलं असतं, पाणी भरून, त्यात लोट्या, वाट्या, गाळणी, जुनी चहाची किटली, नरसाळं. एक मुलगा रोज यायचा आणि किटलीनं वाटीत पाणी ओतायचा, भरली की उलटी करायची, परत ओतायचं, दुसरं काही नाही. समोर एक मुलगी गाळणी घेऊन बसायची, ती नवीनच आलेली, तिच्या घरी कन्नड बोलतात, मराठी तिला फारसं येत नव्हतं. दोघं एकमेकांकडं बघायचेसुद्धा नाहीत, आणि मुलाची आई अगदी तुमच्यासारखीच म्हणायची की हा कुणाशी बोलत नाही. मग एक दिवस मुलीनं गाळणी उचलली आणि त्याच्या किटलीच्या धारेखाली धरली. पाणी बारीक बारीक धारांनी खाली पडलं. मुलगा थांबला, तिच्याकडं बघितलं, किटली आणखी वर नेली. ती हसली. तिनं गाळणी पण वर नेली. मग दोघं उभीच राहिली, अंगभर भिजली, आणि एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या मुलानं किटली घेतली आणि गाळणी उचलून तिच्या जागेवर नेऊन ठेवली, ती अजून यायची होती.

तीन वर्षांच्या पोरांची मैत्री अशी असते. 'माझा बेस्ट फ्रेंड' वगैरे नंतर येतं, इथं फक्त एवढंच असतं की तू असलास की माझा खेळ जास्त मजेचा होतो. आणि हे कशामुळं झालं तर तीच दोघं, तीच जागा, तीच वेळ, तेच घमेलं, बरेच दिवस. मध्ये कुणी मोठ्यानं 'चला, फ्रेंड्स बना, शेकहॅन्ड करा' केलं नाही. मैत्री शिकवता येत नाही, तिच्यासाठी वेळ आणि जागा राखून ठेवता येते, आणि माझ्या मते पाळणाघर चांगलं की वाईट हे बघायचं असेल तर पहिल्यांदा हेच बघा की तिथं पोरांना रोज तीच चार-पाच पोरं, तीच माणसं आणि मध्ये न तोडलेला वेळ मिळतो का. अर्ध्या-अर्ध्या तासाला घंटा वाजवून 'आता राइम्स, आता कलरिंग, आता डान्स' असं चालत असेल तर असा खेळ जमायच्या आधीच आवरायला सांगितलेला असतो.

आता हिसकावणं. आपल्याकडं लगेच म्हणतात 'दे बरं त्याला, शेअर कर, शहाणा ना तू'. पण तीन वर्षांच्या पोराला समोरच्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळं काही चाललंय हे नीट कळतच नसतं, ती समज साधारण चार-पाच वर्षांच्या दरम्यान येते. यावर प्रयोग झालेत, बाहुलीनं वस्तू एका डब्यात ठेवली, ती बाहेर गेल्यावर दुसऱ्यानं ती वस्तू हलवली, आता बाहुली परत आली की कुठं शोधेल, तर तीनची पोरं बहुतेक करून सांगतात जिथं आता आहे तिथंच. आपल्याला माहीत आहे ते सगळ्यांना माहीत आहे असं त्यांना वाटतं. मग 'त्याला वाईट वाटेल' हे वाक्य त्याच्यापर्यंत किती पोचणार? त्याला एवढंच दिसतंय की मी लावलेली रांग याने मोडली. मोठ्या माणसाचा अर्धवट भरलेला फॉर्म कुणी ओढून घेतला तर आपण पण ओरडतोच की.

त्यामुळं जबरदस्तीनं द्यायला लावण्यापेक्षा नंबर लावायला शिकवा. 'त्याचं झालं की तुझा नंबर, मी इथं थांबते तोपर्यंत' असं म्हणायचं आणि खरंच थांबायचं. ज्याच्या हातात आहे त्याला पण सांगायचं की 'तुझं झालं की याला दे', आणि त्याचं होऊ द्यायचं. पोरं आपणहून देतात हो, आपल्या अंदाजापेक्षा लवकर देतात, कारण कुणी ओढून घेणार नाही ही खात्री असली की मूठ सैल होते. दुसरं म्हणजे लहान पोरांत एकच भारी खेळणं ठेवू नये, साधी ठेवावीत पण दोन-दोन तीन-तीन सारखी ठेवावीत. आणि घरी पाहुणे येणार असतील तेव्हा त्याची सगळ्यात लाडकी गाडी त्याला विचारून आधीच कपाटात ठेवा, बाकीच्या बाहेर. मोठं पोरगं असेल तर 'दादा आहेस ना, देऊन टाक' हे वाक्य घरातून काढूनच टाका, त्यानं दादाला लहानाचा राग सोडून काही मिळत नाही.

चावण्याचं बोलते कारण यावरून आयांना फार खजील व्हायला लागतं, दुसऱ्या पोराचे आईवडील दारात बोलतात. साधारण एक ते तीन वर्षांची पोरं चावतात, दात शिवशिवतात म्हणून, गर्दी झाली म्हणून, भूक लागली म्हणून, आणि मुख्य म्हणजे 'माझं आहे, हात लावू नको' हे वेळेत तोंडातून येत नाही म्हणून. एकदा चावला म्हणून तो 'मारकुटा' होत नाही. ताईंना विचारा की किती वाजता झालं, आधी काय झालं होतं, शेजारी कोण होतं. बहुतेक वेळा ते जेवणाच्या किंवा झोपेच्या आधीचं निघतं. तेव्हा त्याच्या जवळ एक मोठं माणूस असलं तरी निम्मं काम होतंय. झालंच तर आधी ज्याला चावलंय त्याला जवळ घ्यायचं, मग याला खाली बसून त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर दोनच वाक्यं, 'चावायचं नाही, लागतं. गाडी हवी असली तर म्हण, माझी.' बस. सगळ्यांसमोर 'सॉरी म्हण' म्हणून उभं करू नका, तो सॉरी म्हणेल आणि पुढच्या आठवड्यात परत चावेल, कारण त्याला शब्द मिळाला नाही, फक्त सुटका मिळाली. आणि 'तुला पण चावून दाखवते' हे तर बिलकुल करायचं नाही, काही घरांत अजून करतात.

रडण्याबद्दल. सकाळच्या रडण्याला एकच औषध आहे, छोटा निरोप आणि रोज तसाच. मागच्या मागं पळून जाऊ नका. नजर चुकवून गेलात तर त्या दिवशी रडणं वाचतं पण पोरगं दुसऱ्या दिवसापासून पदर सोडत नाही, कारण त्याला कळलेलं असतं की मी खेळायला वळलो की आई गायब होते. त्याला घड्याळ कळत नाही, 'सहाला येते' याचा काही उपयोग नाही, 'जेवलास, झोपलास, उठून दूध प्यालास की मी येते' असं सांगा आणि त्याच वेळेला या. उशीर होणार असेल तर ताईंना फोन करून त्याला सांगायला लावा. एक पापी, एक टाटा, आणि निघा, दारात दहा मिनिटं घुटमळलात तर त्याला वाटतं की आईला पण इथली भीती वाटतेय.

संध्याकाळच्या रडण्यावरून तुम्ही 'तिथं काही होत असेल का' असं लिहिलंय. विचारणं बरोबर आहे, नेहमी विचारावं, अंगावर खुणा, अचानक झोपेतून दचकणं, एखाद्या ठराविक माणसाला बघून आकसणं असं काही असेल तर कुणाचं काही न ऐकता छडा लावा. पण दिवसभर नीट खातोय, खेळतोय आणि फक्त तुम्हाला बघून रडतोय तर ते साधारण असं असतं की दिवसभर त्यानं स्वतःला सांभाळलेलं असतं, आणि तुम्ही दिसलात की आता सांभाळायची गरज उरत नाही. हक्काचं माणूस आलं म्हणून रडतो. त्या वेळेला 'आज काय केलंस, कोण कोण आलं होतं, डबा संपवला का' असा प्रश्नांचा मारा नको. गाडीवर पुढं उभं करून घाईनं घरी नेण्यापेक्षा पाच मिनिटं पायरीवर बसा, पाणी द्या, मांडीवर घ्या. बोलायचं ते रात्री आंघोळीच्या वेळी नाहीतर झोपताना आपोआप बाहेर येतं.

सासूबाईंचं म्हणणं मला अजिबात उडवून लावावंसं वाटत नाही. आजी जे देते ते कुठलंही पाळणाघर देत नाही, मांडी, गोष्टी, त्याच त्या गोष्टी परत परत, जात्यावरच्या ओव्या येत असतील तर त्या, देवापुढं दिवा लावताना बोट धरून म्हटलेलं शुभंकरोती. भाषा अशीच वाढते, समोरासमोर, एकाचं बोलणं दुसऱ्यानं झेलत. पण एक विचार करा, पूर्वी आजीबरोबर वाड्यात चार चुलत भावंडं, शेजारची पोरं, अंगण, गोठा असायचा. आता तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आजी आणि नातू दोघंच, तिचे गुडघे दुखतात, तिनं किती पळायचं, मग अकरा वाजता टीव्ही लागतो आणि जेवताना मोबाइल येतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या पोरांसाठी सांगितलंय की दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच म्हणून, दोन ते चार वयाला दिवसात एक तासाच्या वर नको आणि कमी तितकं बरं, तीन-चार वर्षांच्या पोराला दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल हवी, त्यातला एक तास चांगला दम लागणारा, आणि झोप दुपारची धरून दहा ते तेरा तास. एकट्या आजीनं हे जमवायचं म्हणजे अवघड आहे. त्यामुळं भांडण करण्यापेक्षा वाटणी करा, दुपारी झोप झाली की आजीनं आणायला यायचं, संध्याकाळ आजीची. सासूबाईंना एकदा पाळणाघरात तासभर बसवा, ताईंची परवानगी घेऊन. आमच्याकडं अशा आज्या येतात, भाजी निवडत बसतात आणि पोरं त्यांच्याभोवती गोळा होतात.

आता एबीसीडी. इथं मी जरा कडक बोलते. तीन वर्षांच्या हाताकडून रेघांच्या वहीत अक्षरं काढून घेऊ नयेत. मनगटात आठ छोटी हाडं असतात, जन्मतः ती हाडं नसतातच, कुर्चा असते म्हणजे मऊ लवचिक भाग, आणि एकेक करून ती वर्षानुवर्षं तयार होत जातात, तीन वर्षांच्या पोराचं मनगट अजून अर्धंही तयार नसतं. आधी खांदा, मग कोपर, मग मनगट, मग बोटं अशी ताकद येते. म्हणून चढणं, लोंबकळणं, बादली उचलणं, कणीक तिंबणं, माती मळणं, शेंगा सोलणं हे सगळं लिहिण्याचीच तयारी आहे. जो पोरगा वर्षभर माती मळतो त्याच्या हातात पाचव्या-सहाव्या वर्षी पेन्सिल नीट बसते, जो तीनपासून गिरवतो त्याला मूठभरून पेन्सिल धरायची खोड लागते आणि वही बघून पोटात दुखायला लागतं, अशी कितीतरी पोरं पहिलीत गेल्यावर त्यांच्या आया परत भेटायला येतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येसुद्धा तीन ते आठ वर्षं हा एक सलग पायाभूत टप्पा धरलाय, खेळातून शिकण्याचा, आणि पहिली सहा वर्षं पूर्ण झाल्यावर. म्हणजे तुमच्या मुलाकडं अजून जवळजवळ तीन वर्षं आहेत, घाई कसली करताय.

आणि हे काही परदेशी फॅड नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ बरोबर होत्या, पुढं कोसबाडच्या टेकडीवर ते वाढलं. माँटेसरीची महागडी साधनं परवडत नव्हती म्हणून दगड, बिया, शिंपले, पानं, काड्या यातून त्यांनी पोरांना मोजायला, लावायला, ओळखायला शिकवलं, आणि पोरं शाळेत येत नाहीत तर शाळा पोरांच्या अंगणात न्यायची असं केलं. २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि गावोगाव अंगणवाड्या झाल्या. जवळ चांगली अंगणवाडी असेल, सेविका मनापासून करणारी असेल तर ती पण जाऊन बघा, फुकट आहे म्हणून कमी समजू नका.

पाळणाघरात काय बघायचं ते विचारताच म्हणून सांगते. भिंतीवरची कार्टून बघू नका, कुठल्याही वेळी न सांगता जा आणि पाच मिनिटं आवाज ऐका. पोरांचा कलकलाट असावा, मोठ्यांचं ओरडणं नसावं, टीव्ही चालू नसावा. ताई पोरांशी खाली बसून बोलतात की उभं राहून वरून हुकूम सोडतात. एका माणसाकडं किती पोरं आहेत, माझ्या मते दोनच्या आतली असतील तर चारच्या वर नको आणि तीन-चार वयाची असतील तर आठ-दहाच्या वर एकीला झेपत नाहीत. ताई दर दोन महिन्यांनी बदलतात का हे जरूर विचारा, मला हे फीपेक्षा महत्त्वाचं वाटतं, पोराचा जीव माणसावर बसतो. संडास स्वच्छ आहे का, गेटला कडी आहे का, पिंप उघडं आहे का, औषधं आणि फिनेल कुठं ठेवतात, हे तर बघालच.

डब्याचं एक सांगते कारण आपल्या सांगली-तासगावकडं हे फार होतंय. द्राक्षाचा सीझन आला की डब्यात अख्खी द्राक्षं येतात, आणि भाजलेल्या शेंगदाण्याची मूठ तर बारा महिने. चार वर्षांच्या आतल्या पोरांना अख्खं द्राक्ष आणि अख्खा दाणा देऊ नका, घशात नाहीतर श्वासनळीत अडकतो, खेळता खेळता पळत खाल्लं तर जास्तच. द्राक्ष उभं चार फोडी करून, दाण्याचा कूट नाहीतर लाडू करून, आणि खाताना खाली बसवून. शेंगा सोलायला देता तेव्हा पण मोठं माणूस समोर हवं.

घरी खेळायला काही विकत आणायची गरज नाही. भातुकली काढा, मुलगा आहे म्हणून लपवू नका, बाबा चहा करतात आणि पोरगं पण खोटा खोटा चहा करून देतं, त्यात पाणी मोजणं आलं, नंबर लावणं आलं, 'तुम्हाला साखर चालते का' असं समोरच्याला विचारणं आलं. बेंदराला मातीचे बैल करतो तेव्हा त्याला त्याचा गोळा द्या, बैल झाला नाही तरी चालेल. हादग्याला खिरापत ओळखायचा खेळ तर तीन-चार वर्षांच्या पोरांसाठी सोन्यासारखा, आठवायचं, अंदाज करायचा, चुकलं तरी हसायचं, आणि आपल्या डब्यात काय आहे ते गुपित पोटात ठेवायचं, जे त्यांना अजिबात जमत नाही. दिवाळीत गल्लीतली मोठी पोरं किल्ला करतात तिथं त्याला सोडा, त्याला कुणी राजा करणार नाही पण पाणी आणायला, माती द्यायला घेतील. वेगवेगळ्या वयाच्या पोरांत लहानगी जे शिकतात ते एका वयाच्या वर्गात मिळत नाही, चुलत भावंडांत आपण हेच शिकलो.

तपासून बघायच्या गोष्टी आता. नुसतं एकटं खेळणं किंवा गाड्यांची रांग लावणं यावरून काही ठरत नाही. पण हे बघा, नाव घेतल्यावर वळतो का, विमान किंवा कुत्रं दिसलं तर बोट दाखवून तुमच्याकडं बघतो का, म्हणजे 'आई बघ' असं, डोळ्याला डोळा देतो का, दोन-तीन शब्द जोडून बोलतो का, खोटं खोटं खेळतो का, म्हणजे बाहुलीला भरवणं, रिकाम्या कपातनं पिणं, दुसऱ्याचं बघून नक्कल करतो का. यातलं बरंचसं नसेल, किंवा आधी येत असलेले शब्द गेले असतील, तर 'मुलगे उशिरा बोलतात', 'याचा मामा पण चार वर्षांनी बोलला' यावर थांबू नका. पहिल्यांदा कानाची तपासणी करा, ऐकू कमी येत असलेली पोरं हट्टी आणि एकलकोंडी ठरवली जातात. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली टीम अंगणवाडीत वर्षातनं दोनदा पोरं तपासायला येते, पाळणाघरात जाणाऱ्या पोराला पण त्या दिवशी नेता येतं का हे सेविकेला विचारा, आणि त्या कार्यक्रमात पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी डीईआयसी म्हणून पोरांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखणारं केंद्र असतं, सिव्हिलला चौकशी केली की सांगतात. लवकर कळलं तर फार फरक पडतो, एवढ्यासाठी लिहिलं, घाबरवायला नाही. तुमच्या पत्रात तुम्ही लिहिलंय की तो आजीला ट्रक दाखवत असतो आणि 'आई, बाबा गेले' असं बोलतो, त्यावरून मला तरी बरं वाटलं.

आणखी एक, तुमच्या कंपनीत किती माणसं आहेत? प्रसूती लाभ कायद्यात २०१७ ला जी दुरुस्ती झाली तिच्यात पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघराची सोय द्यायला सांगितली होती, आणि आईला दिवसातनं चार वेळा तिथं जायची मुभा, विश्रांतीची वेळ धरून, आता हेच सामाजिक सुरक्षा संहितेत आलंय. पुष्कळ कंपन्यांत हे विचारलंच जात नाही म्हणून होत नाही. चार-पाच जणींनी मिळून एचआरला लेखी विचारा, शेजारच्या कंपनीबरोबर मिळून केलं तरी चालतं. तुमच्या मुलाला उपयोग झाला नाही तरी तुमच्या मागून येणाऱ्या मुलीला होईल.

मग जूनचं काय, तर माझं मत, हलवू नका. तीन-चार महिन्यांत कुठं त्याला ताईंचा वास, झोपायची जागा, घमेलं-गाड्या कुठं असतात हे कळायला लागलंय, आता उचलून नवीन जागी नेलं तर परत पहिल्यापासून. फक्त वरचं सगळं तिथं दिसत नसेल, ओरडाआरडी असेल, पोरं टीव्हीसमोर बसवलेली असतील तर जूनची पण वाट बघू नका. आणि ताईंना एवढंच विचारा की तो गाड्या लावतो तेव्हा जवळपास रोज कोण असतं, एक तरी पोरगं असतंच. त्याच्या आईचा नंबर मागून घ्या, रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत दोघांना आमराईत न्या, बरोबर दोन सारख्या गाड्या आणि दोन वाट्या घ्या, तुम्ही दोघी बाकावर बसा आणि पोरं भांडत नाहीत तोवर मध्ये पडू नका. पहिल्या वेळेला तासभर पुरे, दोघं एकमेकांशी बोलली नाहीत तरी पुढच्या रविवारी परत जा.